गोष्ट सांगणाऱ्याचं वय

बंगालमधल्या शाहजादपूरहून जून १८९१ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात रवींद्रनाथ ठाकुरांनी नदीकाठच्या पोरांचा एक खेळ टिपून ठेवला आहे. घराण्याच्या जमीनदारीचा कारभार बघायला ते त्या भागात राहत होते. काठावर डोलकाठीचं एक भलंमोठं लाकूड पडलेलं होतं. पोरांनी ठरवलं, हे ढकलत न्यायचं. सगळ्यांनी मिळून जोर लावायचा, आरोळ्या ठोकायच्या, एवढाच खेळ. त्यांच्यात एक मुलगी होती. तिला हा दांडगावा पसंत नव्हता. ती पुढे झाली आणि चकार शब्द न काढता त्या लाकडावर जाऊन बसली.

पुढच्या वर्षी, १८९२ मध्ये, रवींद्रनाथांनी ‘छुटी’ ही कथा लिहिली. नदीकाठ आहे, लाकूड आहे, पोरांचा घोळकाही आहे. लाकडावर येऊन बसणारं पात्र तेवढं बदललं आहे. मुलीच्या जागी आता माखन आहे, पोरांचा म्होरक्या फटिक चक्रवर्ती याचा धाकटा भाऊ, आणि तो गंभीर चेहरा करून हटून बसला आहे.

मोठं होण्याच्या कथा मला फार जवळच्या आहेत आणि त्यांच्याविषयी मी बरंच वाचलंही आहे. पण कथेत पात्र कशासाठी येतं, हे या एका बदलाइतकं स्वच्छ मला कुठे दिसलं नाही. ती मुलगी लाकडावरून पडली असती तर भांडण काठावरच मिटलं असतं. भाऊ पडला की रडत घरी जातो. घरी आई असते. फटिक मागाहून पोचतो तेव्हा माखननं आधीच सांगून ठेवलेलं असतं की दादानं मारलं. फटिक म्हणतो, नाही मारलं. आई म्हणते, पुन्हा खोटं बोलतोस? फटिक म्हणतो, माखनला विचार. माखन सरळ सांगतो, हो, मारलं. मग मात्र फटिकचा तोल जातो आणि तो माखनला सणसणीत थोबाडीत देतो. आई माखनची बाजू घेऊन फटिकच्या पाठीत धपाटे घालते, फटिक आईला ढकलतो, आणि नेमका त्याच वेळी पाहुणा दारात येऊन उभा राहतो. मामा. बरीच वर्षं दूर नोकरीला असलेला, कोलकात्याला राहणारा विश्वंभर. तो फटिकला शिकवायला बरोबर घेऊन जायचं म्हणतो आणि आई लगेच तयार होते. फटिक एखाद्या दिवशी माखनला पाण्यात ढकलेल, डोकं फोडेल, अशी तिला सारखी धास्ती असते.

एवढ्या प्रसंगात फटिकचा स्वभाव कोणता? आमच्या वेळी मराठीच्या पेपरात ‘स्वभावविशेष लिहा’ असा प्रश्न हमखास असायचा आणि अजूनही असतो. उनाड, हट्टी, रागीट, असं लिहिलं की गुण मिळतात. पण या मुलानं घरात पाऊल टाकलं तेव्हा तो खरं बोलत होता. खरं बोलून उपयोग नाही हे कळल्यावर त्यानं मारलं. तो ‘रागीट’ ठरतो तो त्या घरात, त्या मिनिटाला, त्या दोन माणसांसमोर. वाढत्या वयातल्या मुलाचे गुणदोष असे सुटे काढून दाखवता येत नाहीत, कारण त्यांतले अर्धे त्याच्यावर बाहेरून येऊन बसलेले असतात.

निघायच्या दिवशी फटिक आनंदानं फुललेला असतो. आपला गळ, पतंग, मांजाची फिरकी तो माखनला देऊन टाकतो, आणि रवींद्रनाथ लिहितात की मुला-नातवंडांपर्यंत पिढ्यानपिढ्या उपभोग घेण्याच्या पूर्ण हक्कासह दिली. खरेदीखत, बक्षीसपत्रं रोज हाताळणाऱ्या माणसाची ही भाषा आहे. तेरा वर्षांचा मुलगा असं बोलत नाही. त्याच्या उदारपणाकडे प्रेमानं बघणारा कुणीतरी मोठा माणूस हे बोलतो आहे. मुलाला जाण्याची एवढी घाई झालेली बघून आई मनात थोडी दुखावते, हेही त्या मोठ्या माणसाच्याच नजरेला पडतं. फटिकला ते दिसत नाही.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे. मोठं होण्याची कथा वाचताना मूल किती वर्षांचं आहे हे आपण चटकन बघतो. सांगणारा किती वर्षांचा आहे, तो त्या मुलापासून किती लांब उभा आहे, हे बघायचं राहून जातं. पात्र कसं आहे आणि कथा कशाविषयी आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या अंतरात असतात.

‘छुटी’च्या मध्यावर रवींद्रनाथ कथा थांबवतात. मामीच्या घरात फटिक आला आहे. तिला स्वतःचे तीन मुलगे आहेत, नवऱ्यानं न विचारता चौथा आणून ठेवला आहे. आणि इथे सांगणारा अचानक बोलू लागतो: तेरा-चौदा वर्षांच्या मुलासारखी पीडा जगात दुसरी नाही. त्याच्यात शोभा नाही आणि तो काही कामाचाही नाही. बोबडं बोलला तर लाडिकपणा वाटतो, मोठ्यांसारखं बोलला तर आगाऊपणा वाटतो, आणि तो नुसता बोलला तरी ते जास्तच वाटतं. कपडे पुरेनासे होतात, आवाज फुटतो, आणि लोकांना हा जणू त्याचाच अपराध वाटतो. लहानपणी ज्याला सगळं माफ होतं त्याला या वयात साधी चूकही माफ होत नाही. आणि नेमक्या याच वयात तो मायेसाठी सगळ्यात जास्त आसुसलेला असतो.

कथालेखनाच्या शिबिरात हा परिच्छेद कुणी वाचून दाखवला तर पहिली सूचना येईल की काढून टाका, कथेत निबंध नको, प्रसंगातून दाखवा. सूचना एरवी बरोबर आहे. तरी इथे मला ती पटत नाही. त्या घरात फटिकच्या बाजूनं हे बोलणारं कुणी नाही. मामा कामावर असतो. मामी वैतागलेली असते. मामेभावांना तो आपला नातलग आहे हे सांगायची लाज वाटते. मास्तर मारतात. आणि फटिकजवळ स्वतःसाठी शब्द नाहीत, त्या वयात ते नसतातच. मामीनं एखादं काम सांगितलं की तो आनंदाच्या भरात सांगितल्यापेक्षा जास्त करून ठेवतो, एवढीच त्याची भाषा; आणि त्यावर त्याला ऐकायला मिळतं की पुरे झालं, आता जा, अभ्यासाला बस. सगळी दारं बंद आहेत, म्हणून एकतीस वर्षांचा लेखक स्वतः कथेत येऊन त्या मुलाची बाजू मांडतो. तो परिच्छेद काढला तर कथा कदाचित जास्त रेखीव होईल, पण फटिकच्या बाजूनं तिथे एकही माणूस उरणार नाही.

शेवटाकडे मात्र तोच लेखक बाजूला होतो. शाळेचं पुस्तक हरवलं म्हणून झालेला अपमान, मामीचं ‘महिन्यातून पाच पाच वेळा पुस्तकं मी आणून देऊ शकत नाही’ हे वाक्य, आपण परक्याचा पैसा खर्च करतो आहोत ही बोच, मग ताप. आजारी पडून आणखी ओझं व्हायचं नाही म्हणून भर पावसात घर सोडणं. पोलीस त्याला संध्याकाळी आणून सोडतात तेव्हा रस्त्यांत गुडघाभर पाणी आहे आणि तो चिखलानं माखून थडथडतो आहे. तापात तो बडबडतो: एक वाव लागत नाही, दोन वाव लागत नाही. कोलकात्याला येताना काही वाट स्टीमरनं झाली होती, तिथले खलाशी दोरी सोडून पाण्याची खोली मोजत आणि ती सुरात ओरडून सांगत. फटिकला ते आठवतं आहे. लेखक मधे येऊन काही समजावत नाही. आई येते, हाका मारते, आणि तो म्हणतो की आई, आता मला सुट्टी मिळाली, आता मी घरी चाललो. मधल्या परिच्छेदात सगळं बोलून झालेलं असल्यामुळे इथे सांगणाऱ्याला गप्प राहता येतं.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’कडे वळताना मला माझ्या भाचीची मदत घ्यावी लागेल. ती नववीत आहे. सुट्टीत तिला हिंदीचा गृहपाठ होता: ईदच्या जत्रेत आजीसाठी चिमटा विकत घेणाऱ्या छोट्या हामिदचं चरित्रचित्रण. ती माझ्या शेजारी बसून लिहीत होती आणि मला वाचून दाखवत होती. समजूतदार, त्यागी, आजीवर माया करणारा, मोहाला बळी न पडणारा, हजरजबाबी. पाच मुद्दे, प्रत्येकाखाली दोन ओळी. चूक एकही नव्हती.

मी तिला म्हटलं, चिमटा घेण्याआधीचं पान पुन्हा वाच. हिशेब बघ आधी. शिवणकामाचे जे आठ आणे मिळाले होते त्यातले देणी देऊन त्याच्या आजीजवळ, अमीनाजवळ, दोन आणे उरले. दोन आणे म्हणजे आठ पैसे. तीन हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. त्यावर ईद करायची. महमूदजवळ बारा पैसे आहेत, मोहसिनजवळ पंधरा. जत्रेत पोरं मातीची खेळणी घेतात, शिपाई, भिश्ती, वकील. मग मिठाईची दुकानं येतात. मोहसिन हामिदला रेवडी पुढे करतो आणि तो हात पसरतो तेव्हा स्वतःच्या तोंडात टाकतो. बाकीची पोरं टाळ्या पिटून हसतात.

ती वाचत होती, आणि एका ओळीवर थांबली. हामिद मनात म्हणतो की खाऊ देत मिठाया, तोंडं सडतील यांची, फोड येतील. “मावशी, तो चिडलाय,” ती म्हणाली. “म्हणजे त्याला पण हवी होती.” मग तिनं पुढं वाचून आणखी एक जागा काढली. चिमटा नेला की आजी धावत येऊन हातातून घेईल, म्हणेल माझं बाळ माझ्यासाठी चिमटा घेऊन आलं, हजारो दुवा देईल, शेजारच्या बायकांना दाखवेल, गावभर चर्चा होईल, असं तो रंगवत असतो. “हा आपलं कौतुक होईल म्हणून पण घेतोय,” ती म्हणाली, आणि तिला ते जरा खटकलंही. ‘त्यागी’ हा शब्द खोडू का, असं तिनं विचारलं.

मी म्हटलं, खोडू नकोस, पण त्याच्या शेजारी हे दोन्ही लिही. पाच वर्षांच्या मुलाला आजीचे तव्यावर भाजणारे हात आठवले, हे खरंच आहे. त्याला मित्रांचा राग आला होता, कौतुक हवं होतं, आणि आपल्याजवळ तीनच पैसे आहेत याची लाजही असणार. ती लाज झाकायला तो परतीच्या वाटेवर चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो आणि सगळ्या खेळण्यांना वादात हरवतो. दुकानदारानं आधी सहा पैसे सांगितले होते, मग पाच. तीनला देतोस का, असं विचारून हामिद पुढे चालू लागतो, दुकानदाराची बोलणी नकोत म्हणून, आणि दुकानदार मागून बोलावून चिमटा देतो. प्रेमचंदांनी हे सगळं लिहिलं आहे. आपण गृहपाठात उतरवताना ते गाळतो, कारण चांगल्या मुलाला राग येऊ नये असं आपल्याला वाटतं.

शेवटी अमीना रडते, पदर पसरून दुवा देत राहते. प्रेमचंद लिहितात, हामिदला याचं रहस्य काय कळणार! इथे सांगणाऱ्याचं वय लख्ख दिसतं. ‘ईदगाह’ १९३३ मधली, तेव्हा प्रेमचंद पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांची स्वतःची आई ते लहान असतानाच गेली होती. हामिदला अजून ठाऊक नाही की त्याचे आईवडील परत येणार नाहीत. अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे, असं त्याला सांगितलेलं आहे. आपल्याला ठाऊक आहे, अमीनाला ठाऊक आहे, सांगणाऱ्याला ठाऊक आहे. एकट्या हामिदला ठाऊक नाही, आणि म्हणूनच तो इतक्या उमेदीनं चालतो. कथेत तो मोठा होतो असं आपण म्हणतो खरं, पण माझ्या मते तो मोठा झालेला नाही. मोठं होणं त्याच्यापुढे वाट बघत उभं आहे, आणि अमीना रडते आहे ती पुढचं बघून. भाचीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं असं की मित्र खात असताना जो उपाशी राहिला तो मोठा झालाच. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तिचाही मुद्दा सोडवत नाही.

जेम्स जॉइसच्या ‘ॲरबी’त सांगणारा आणि मुलगा एकच आहेत, म्हणून तिथलं अंतर ओळखायला जास्त वेळ लागतो. डब्लिनमधली नॉर्थ रिचमंड स्ट्रीट, पुढे वाट बंद असलेली. निवेदक मुलाला नाव नाही, मित्राच्या ज्या बहिणीवर त्याचा जीव जडला आहे तिलाही नाव नाही. ती एकदा त्याच्याशी बोलते, बाजाराला जाणार का विचारते. तिला स्वतःला जाता येणार नाही. मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणेन, असं तो बोलून जातो. ‘ॲरबी’ नावाचा बाजार खरोखरच मे १८९४ मध्ये डब्लिनला भरला होता. जॉइस तेव्हा बारा वर्षांचा होता. कथेत त्या रात्री काका उशिरा, नऊ वाजता घरी येतात, जेवणं होतात, मग दोन शिलिंगांचं नाणं मिळतं. मुलगा पोचतो तेव्हा बाजार आवरत आलेला आहे. एका दुकानापाशी एक मुलगी दोन तरुणांशी हसतखिदळत बोलते आहे आणि याला नाइलाजानं विचारते, काही हवंय का. तो काहीही न घेता बाहेर पडतो. खिशात उरलेल्या दोन पेन्या सहा पेन्सांच्या नाण्यावर पडू देतो. शेवटी अंधारात वर बघताना त्याला आपण गर्वानं हाकललेला आणि हिणवलेला जीव आहोत असं दिसतं, आणि डोळे दुःखानं आणि संतापानं जळतात.

हे शेवटचं वाक्य त्या मुलाचं असू शकत नाही. डोळे त्याचे जळले असतील, पण ‘गर्व’ हा निवाडा नंतर आलेला आहे. जॉइसनं ही कथा १९०५ मध्ये लिहिली, तेविसाव्या वर्षी. ‘डब्लिनर्स’ संग्रह निघायला मात्र १९१४ उजाडलं. तेविसाव्या वर्षी माणूस आपल्या बारा वर्षांच्या स्वतःशी फार कठोर असतो. मला नेहमी वाटतं की हीच गोष्ट त्यानं साठाव्या वर्षी सांगितली असती तर तो त्या मुलाला इतकं झोडपता ना. काका उशिरा आले, ट्रेन रेंगाळली, बाजार मिटला, यात मुलाचा गर्व कुठे आला? तो शब्द शिक्षेसारखा आहे, आणि ती शिक्षा कोण देतंय हे बघितल्याशिवाय कथेचा आशय हाती येत नाही. नुसता ‘भ्रमनिरास’ असं लिहून मोकळं झालं की सांगणारा निसटून जातो.

आपल्याकडे याच्या उलट टोकाला साने गुरुजींचा श्याम आहे. ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. मोठा झालेला श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला धुणं पसरायला लावणारा श्याम, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप म्हणणारी आई, ही रात्र मराठी घरांत पाठ असते. तिथे सांगणारा आपल्या लहानपणाशी भांडत नाही. आई गेलेली आहे, त्यामुळे तिचा प्रत्येक मार, प्रत्येक कठोर शब्द सांगण्याच्या आधीच माफ झालेला आहे. मी ते पुस्तक आजही डोळे कोरडे ठेवून वाचू शकत नाही. पण त्यातल्या लहान श्यामला त्या क्षणी काय वाटत होतं, मार खाताना तो आईवर किती चिडला होता, हे मोठ्या श्यामच्या मायेखाली पुष्कळसं झाकलं जातं. ते पुस्तक आईचं आहे आणि ते आईला वाहिलेलं आहे, त्यामुळे ते तसंच असणार.

आणि मग लंपन. प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवत. ‘वनवास’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९९४ मध्ये आला तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा, तिकडची कानडी वळणाची मराठी, मैत्रीण सुमी, शाळा, आणि प्रत्येक गोष्ट किती वेळा झाली याचा एक भलताच नेमका आकडा सांगायची सवय. सत्तावन्न वर्षांचा माणूस लिहितो आहे आणि त्या पानांवर सत्तावन्न वर्षांचं काहीही उतरत नाही. रवींद्रनाथांसारखा तो मधे येऊन बाजू मांडत नाही. प्रेमचंदांसारखा ‘याला काय कळणार’ म्हणत नाही. जॉइससारखा शिक्षा देत नाही. लंपनला जेव्हा कसंतरी होतं तेव्हा तो सांगतो की कसंतरी झालं, मॅडसारखं झालं, आणि लगेच दुसऱ्या कशाकडे तरी बघू लागतो, झाडाकडे, रस्त्याकडे, कुणाच्या तरी चालण्याकडे.

त्यामुळे लंपन वाचताना मोठ्या माणसाचं सगळं काम वाचकावर येऊन पडतं. सुमीविषयी त्याला काय वाटतं हे त्याला सांगता येत नाही, ते आपण ओळखायचं. आजी कुठल्या गोष्टीवर गप्प बसली आणि का, हे तो फक्त नोंदवतो. समजून घ्यायचं आपण. मला वाटतं म्हणूनच मराठी वाचक लंपनला आपल्या घरातला समजतात. त्याची काळजी घ्यायला पुस्तकात सांगणारा कुणी मोठा नाही, ती आपण घेतो. हे लिहिणं किती अवघड असेल याचा अंदाज स्वतःच्या लहानपणीचा एखादा प्रसंग, नंतर कळलेलं सगळं बाजूला ठेवून, एक पानभर लिहून बघितला की येतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच शहाणपण डोकावतं. ‘तेव्हा मला कळलं नाही, पण’ अशी सुरुवात झाली की मूल गेलंच पानावरून.

बारावीच्या वर्गात कथा हा साहित्यप्रकार शिकवताना कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, भाषा असे घटक समजावले जातात. ते यायला हवेत, त्याशिवाय बोलायला शब्द मिळत नाहीत. त्यात निवेदकाचाही उल्लेख होतो, पण प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी इतकाच. ‘ॲरबी’ आणि ‘वनवास’ दोन्ही प्रथमपुरुषी. त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो त्या वर्गीकरणात कुठेच येत नाही. शिक्षकांकडे माझं एवढंच मागणं आहे की मुलांना हा एक प्रश्न जास्तीचा विचारा: हे सांगणारा आज किती वर्षांचा असेल, आणि त्याला तो लहान मुलगा आवडतो का? मुलं यावर फार चांगलं बोलतात, मी ऐकलं आहे. रोज कुणी ना कुणी मोठं माणूस त्यांच्याविषयी त्यांच्यादेखत काहीतरी ठरवत असतं, त्यामुळे या विषयातले जाणकार तेच आहेत.

या नजरेनं बघू लागलं की दुय्यम पात्रंही उजळतात. ‘छुटी’तल्या मामीला मी खूप वर्षं दुष्ट समजत होते, बहुतेक वाचक समजतात. पण रवींद्रनाथांनी तिला दुष्ट रंगवलेलं नाही. तिच्या घरात न विचारता एक वाढत्या वयाचा, खेड्यातला, न शिकलेला मुलगा आणून सोडला आहे आणि सोडणारा दिवसभर कामावर आहे. ती बोलते ती वाक्यं आपल्याकडच्या कितीतरी घरांत कितीतरी पाहुण्या मुलांनी ऐकली आहेत. शिक्षणासाठी काका-मामांकडे राहिलेली माणसं माझ्या आधीच्या पिढीत घराघरांत होती. त्यांतल्या काहींना मी विचारलं आहे. ते मामीविषयी, काकूविषयी आजही नीट बोलत नाहीत. वाढलेल्या पानाविषयी बोलतात, कोणती भाकरी कुणाला मिळायची याविषयी बोलतात, आणि विषय बदलतात.

त्यातूनच भाचीला मी एक काम दिलं. फटिकचे ते तीन मामेभाऊ. कथेत त्यांच्या वाट्याला फार थोडी वाक्यं येतात: त्यांना फटिकशी नातं सांगायची लाज वाटायची आणि त्याचा अपमान झाला की ते इतरांपेक्षा जास्त हसायचे. त्याच घरात त्यांनी त्याला तापानं फणफणताना बघितलं. त्या आठवड्यात तेही मोठे झाले असणार, आणि त्यांची गोष्ट कुणी सांगितलेली नाही. तर त्यांतल्या एकानं ती सांगायची. किती वर्षांचा होऊन सांगतो, हे आधी ठरव, असं मी तिला म्हटलं.

तिनं चाळीस म्हटलं, मग पंधरा म्हटलं, मग बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

“मावशी, तो हे सांगतोय तेव्हा त्याची आई जिवंत आहे का?”

मी विचारलं, का गं?

“कारण आई जिवंत असेल तर तो पुस्तकाचं सांगणार नाही. पैसे नाहीत म्हणाली ते. तो म्हणेल फटिकला ताप आला आणि तो गेला.”

मग आम्ही दोघींनी ठरवलं की दोन्ही लिहून बघायचं, आई असतानाची गोष्ट आणि आई गेल्यानंतरची. पहिली तिनं घेतली आहे, दुसरी मला दिली आहे.